उजवी फेरी

किशननं विमानाभोवती तिसरी चक्कर मारली आणि तिसऱ्यांदाही त्याला खोट सापडली नाही.

चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान. इंजिन दोन वर्षांमागं पुरतं उघडून बांधलेलं, दोन रेडिओ, ऑटोपायलट, काचेवर एक ओरखडा नाही. बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळावर एका कडेला ते पंखांना आणि शेपटीला दोर लावून बांधलेलं होतं. इतकी निगा लोक जावयाचीसुद्धा राखत नाहीत.

किशन शहापूरचा. घरी साड्यांचे माग. विमान चालवायला शिकून चार वर्षं झाली होती, स्वतःचं मात्र नव्हतं. सुबरावआप्पांनी सांगितलेली किंमत बाजारापेक्षा निम्मी होती, आणि नेमकं तेच त्याला खटकत होतं. महाग वस्तूत घासाघीस करायची आणि स्वस्त वस्तूत खोट शोधायची, एवढं तो दुकानात बसून शिकला होता.

"आप्पा, खरं सांगा. कुठं आपटलंय का?"

"आपटलं असतं तर मी हितं उभा ऱ्हायलो असतो व्हय?"

सुबराव मूळचे सदलग्याचे शेतकरी, पुढं उद्यमबागेत फौंड्री काढलेले. विमान मुलाच्या हौसेचं. विक्रम शिकला, त्याच्या जोडीनं साठीतला बापही शिकला. आता डोळ्यांच्या तपासणीत आप्पा नापास झाले होते. विमान विकण्याचं कारण एवढंच. किंमत निम्मी करण्याचं कारण त्यांनी मग सांगितलं. ती एक अट होती.

दर शनिवारी सकाळी दहाला सदलग्याच्या मळ्यातल्या घरावरून एक फेरी मारायची. आप्पांची बायको चंपाबाई आहेत तोवर.

तीन वर्षांमागं विक्रम कामासाठी अहमदाबादला गेला आणि तापानं तीन दिवसांत संपला. त्याच आठवड्यात त्याच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुबरावांनी तिकडंच एकट्यानं अग्नी दिला आणि घरी येऊन सांगितलं की पोरगं अजून रुसलंय. ते पटण्यासारखं होतं. लग्नावरून मायलेकांचं बिनसलं होतं, विक्रम बेळगावात खोली घेऊन राहायचा, घरची पायरी चढत नव्हता. फक्त शनिवारी घरावरून विमानाची एक फेरी मारायचा.

ती फेरी सुबरावांनी चालू ठेवली. पाहुण्यांना हात जोडून गप्प केलं. फौंड्रीत जातो म्हणून ते घरातून निघायचे, आणि दहाच्या ठोक्याला चंपाबाई अंगणात येऊन पांढरा पंचा हलवायच्या.

"अजून कळलं न्हाई त्यास्नी?" किशननं विचारलं.

"न्हाई. कळंल त्या दिवशी जाईल ती."

या सौद्यात फायदा कुणाचा, हे किशनला उघड दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच फायदा बघून त्याला थोडी लाज वाटली. तो हो म्हणाला.

"आन फेरी उजवी घालायची," आप्पा म्हणाले. "घर उजव्या हाताला ऱ्हायला पायजे."

किशननं समजावून बघितलं. चालक डावीकडं बसतो. डावी फेरी घातली तर खालचं घर खिडकीतून नीट दिसतं. उजवी घातली तर मान मोडायची वेळ येते.

"मोडू दे. घरात देव्हारा हाय. देवाला डावी फेरी घालत्यात व्हय?"

कागद झाले. सुबरावांनी स्वतः वाकून तिन्ही दोर सोडले, गुंडाळले आणि काखेत मारले. दोर तरी ठेवा, असं किशन म्हणाला तेव्हा ते पहिल्यांदाच जरा हसल्यासारखे दिसले.

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत रं."

शनिवारी किशन सदलग्यावर गेला. घर उजव्या हाताला घेतलं, मान ताणली. खाली अंगणात एक पांढरा ठिपका हलत होता. पुढच्या शनिवारी हलला, त्याच्या पुढच्याही.

चौथ्या आठवड्यात एक सही राहिल्याचं निघालं. किशन गाडी घेऊन मळ्यात गेला. कुणी विचारलं तर फौंड्रीचा कोळशाचा व्यापारी म्हणून सांगायचं, असं आधीच ठरलेलं होतं.

आप्पा उसाकडं गेलेले. चंपाबाईंनी पाणी आणि गूळ आणून ठेवला. सोप्यात, खुंटीवर, ते तीन दोर नीट गुंडाळून टांगलेले होते. किशनची नजर तिथं गेली, आणि त्याची नजर कुठं गेली ते चंपाबाईंनी बघितलं.

"धा वर्सं झाली आमच्यात जनावर न्हाई," त्या म्हणाल्या. "आन म्हैनाभरामागं दावं घरला आलं. इमान तुमीच घेतलंय न्हवं?"

किशननं तांब्या खाली ठेवला. तो कोळशाचं काहीतरी बोलायला लागला, मग विक्रमचं. जमलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "विक्रम डावी घालायचा. कितीबी रुसला तरी आईला तोंड दिसावं म्हणून. माझं आपरेशन होऊन घरला आले, त्या शनवारी इमान उजवं फिरलं. तवाच कळलं मला, वर कोण बसलंय, आन कोण न्हाई."

बाहेर आप्पांच्या चपला वाजल्या. चंपाबाईंनी दोरीवरचा पंचा काढून घडी घातली आणि आवाज खाली आणला.

"त्यास्नी सांगू नका. पोटचं पोरगं जाळून आलेला माणूस एकटाच वर जायचा. त्यानं परत खाली उतरावं, म्हणून हलवत हुते मी ह्यो पंचा."