वाळलेला ऐन

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला आणि बोरिवलीच्या जंगलातली झाडं उभ्या उभ्या वाळली. मग किडीने ती पोखरून टाकली. सत्त्याऐंशीचा मे उजाडला तेव्हा फक्त ठिणगी पडायची बाकी होती.

गुणाजी तिथे वणव्यावर लक्ष ठेवायच्या कामावर होता. त्या दुपारी त्याची बायको सुगंधा भाकरी घेऊन टेकडी चढत असताना गवत पेटलं आणि आगीने तिला चहूबाजूंनी घेरलं. समोरच्या वाळक्या ऐनाच्या झाडाला मिठी मारून तिने डोळे मिटले.

गुणाजी धापा टाकत पोचला, तोवर टेकडी काळीठिक्कर पडली होती. तो ऐन तेवढा शाबूत होता, आणि त्याला बिलगलेली सुगंधा.

"गो, बरी आसस मा?"

"माका कायेक झाला नाय. झाड थंडगार लागत होता."

गुणाजीचा जीव भांड्यात पडला. तो ढसाढसा रडला.

जित्या ऐनाच्या खोडात पाणी असतं, हे त्याला ठाऊक होतं. डोळे पुसून त्याने खोडावर कोयता घातला. आतून कोरडा भुसा आणि मेलेले किडे भसाभसा गळले.

"चल, घराक जाव्या," तो म्हणाला.

सुगंधा पुढे चालू लागली. तिच्या चिंब लुगड्यातून राखेवर पाणी निथळत होतं.