दोनदा दाढी

नव्या मास्कच्या पेट्या अग्निशमन केंद्रात आल्या होत्या. जुने मास्क चुकूनही कोणी वापरू नयेत म्हणून त्यांचे पट्टे कापून भंगारात द्यायचे होते. मी बाबांचा मास्क मागायला गेले. "नियमात बसत नाही, पोरी," केंद्रप्रमुख म्हणाले, "पण आठवण म्हणून गुपचूप ने." मास्कमध्ये धूर शिरला की बाबा दाढीच्या खुंटांना दोष द्यायचे आणि रोज दोनदा दाढी करायचे. "नवरदेव, आणखी किती घासाल?" आई चिडवायची. मागच्या महिन्यात फुप्फुसांच्या आजाराने ते गेले. त्यांनी शिकवलं होतं तसा मी मास्क चढवला, नळीच्या तोंडावर तळवा दाबला आणि श्वास ओढला. मास्क गालांना घट्ट चिकटायला हवा होता. त्याऐवजी रबराच्या कडेने गार हवा आत आली. माझ्या गालांवर तर खुंट नव्हते. मास्क टेबलावर ठेवून मी कात्री मागितली.