आत्याचा टॉवेल

"दाबू नको. फिरव," प्लंबर म्हणाला.

"फिरवतेच आहे ना!" त्याची मुलगी खेकसली. घरात तिला सगळे ठिणगी म्हणतात, ते काही उगाच नाही.

तिने गुडघ्यांत जाड पाइपाचा तुकडा धरला होता आणि त्याच्याभोवती तांब्याची नळी गुंडाळत होती. आधीच्या दोन नळ्या वळवतानाच चपट्या झाल्या होत्या. ही शेवटची. वीस फूट. चपटी होऊ नये म्हणून आत काहीतरी ठासून भरावं लागतं. प्लंबर आयुष्यभर वाळू भरत आला. ठिणगीने मीठ भरलं. वाळूचा एक कण राहिला तरी नळीतून येणारी बिअर दाताखाली करकरणार, मीठ पाण्याने निघून जातं, असं तिचं म्हणणं. आईने मिठाचा पुडा दिला. "भाजी अळणी झाली तर मला बोलायचं नाही," एवढंच म्हणाली.

प्लंबर स्टुलावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाहेर काढले की ते थरथरायला लागतात. संध्याकाळची पार्टी त्याचीच होती, काम सोडल्याची. आणि त्याचा एकच हट्ट होता: प्रत्येकाचा ग्लास मी भरणार. मागच्या पार्टीत त्याने बाटली उचलली, तर अर्धी त्याच्या बहिणीच्या मांडीवर गेली. सगळे हसले. तोही हसला. मग शेवटपर्यंत त्याने हात खिशातून काढले नाहीत. ते फक्त ठिणगीने पाहिलं.

म्हणून ही पेटी. बर्फ ठेवायची जुनी पेटी, बर्फात नळीचं वेटोळं, एका टोकाला बिअरचं पिंप, दुसऱ्या टोकाला बाहेर तोटी. तोटीखाली ग्लास बसेल असं लोखंडी कडं, म्हणजे ग्लास धरायचाच नाही. तोटीचा दांडा इवलासा होता, तो काढून तिने तिथे बापाच्या जुन्या पान्याची मूठ बसवली होती.

शेवटचा वेढा बसला. नळी गोलच राहिली. ठिणगीने ती ठोकून ठोकून मीठ पाडलं आणि आतून बादलीभर पाणी सोडलं.

"चाखलंस?" प्लंबरने विचारलं.

"पाणी काय चाखायचं?"

"नळ चाखल्याशिवाय मी कुणाच्या घरातून निघालो नाही."

"बाबा, पाच वाजलेत! बर्फ आणायचाय, पेटी गच्चीवर न्यायचीये. तुम्ही अजून बनियनवर!"

आत्या सगळ्यांच्या आधी आली. येताना घरून टॉवेल घेऊन आली. सगळे जमल्यावर खुर्चीत बसून तिने तो मांडीवर नीट पसरला. "हं दादा. आता ओत."

गच्चीभर हसू झालं. ठिणगी काही बोलणार, तेवढ्यात आईने तिच्या दंडाला चिमटा काढला.

प्लंबरने कड्यात ग्लास ठेवला आणि मूठ धरली. हात थरथरत होता, हाताबरोबर मूठही. बिअर मात्र सरळ ग्लासात पडली. पहिला ग्लास त्याने कुणाला दिला नाही. दोन्ही हातांनी उचलून स्वतःच एक घोट घेतला. त्याचे डोळे बारीक झाले.

"काय झालं?" आत्या पुढे वाकली.

"गार व्हायचीये अजून. पाच मिनिटं थांब." मग लेकीच्या कानाशी तो म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय. आता धुऊन आण."

ठिणगीने पटकन पेटी उघडली. वेटोळं सोडवून ती खाली पळाली. नळ सोडला, धुतलं, जीभ लावली. खारट. पुन्हा धुतलं. पुन्हा खारट, पण कमी. चौथ्यांदा पाणी नुसतं पाणी लागलं. तरी तिने पाचव्यांदा धुतलं.

वर येऊन तिने सगळं जोडलं. प्लंबरने तिच्याकडे पाहिलं. तिने लोकांकडे पाठ केली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. त्याने मान हलवली आणि पुन्हा मूठ धरली.

"पहिला नंबर तुझा," तो आत्याला म्हणाला. "पण येऊन घ्यायचा. इथे जागेवर मिळत नाही."

आत्या उठली, तसा टॉवेल खाली पडला. तिने कड्यातून ग्लास उचलला. कड्याखाली पाहिलं. जमिनीकडे पाहिलं. मग ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

तोवर तिच्यामागे सहा-सात जण उभे राहिले होते. प्लंबर ग्लास ठेवत होता, मूठ ओढत होता, "पुढचा" म्हणत होता.

"दादा, अजून एक," आत्या म्हणाली.

"रांगेत ये."

आत्याने खाली पडलेला टॉवेल उचलला, ओठावरचा फेस पुसला आणि शेवटी जाऊन उभी राहिली.