मास्तरांचा लॅपटॉप

यमाजीच्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी देसले मास्तर लॅपटॉप घेऊन त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा जिना चढले. याच मास्तरांनी फाटक्या सदऱ्यापायी त्याला दुसरीतून हाकललं होतं. अक्षरं तो चाळिशीत शिकला.

“झोपवला तरी आपोआप जागा होतो रे. बॅटरी उतरते, आत्मचरित्र अर्धंच राहिलंय माझं.”

दोष यमाजीने पाच मिनिटांत काढला. माउस हलला की लॅपटॉप जागा होई. ते त्याने बंद केलं. तोंडाने मात्र म्हणाला, “अवघड दुखणं आहे, गुरुजी. ठेवून जा, गुरुवारी या.”

गुरुवारी त्याने पुढचा गुरुवार दिला. मास्तर दारात धापा टाकत उभे. यमाजी बसा म्हणेना.

“अजून किती रे?”

“अक्षरांसाठी मी तेहतीस वर्षं थांबलो, गुरुजी.”

सहाव्या गुरुवारी मास्तरांचा मुलगा आला. देसले मास्तर सोमवारी दुपारी वारले होते.