इडलीपात्र

चंद्रमौळी अंबत्तूरच्या कारखान्यात सायकलने जात. पँटला क्लिपा, पिशवीत इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर थर्माकोलचं हेल्मेट. गेटवर मोटारसायकलवाला मकरंद रोज सगळ्यांदेखत ओरडे, "अण्णा, इडलीपात्राचं झाकण काढा, इडल्या झाल्या असतील!" तीन वर्षं गेट हसत होतं.

२००७च्या जूनमध्ये मोटारसायकलवाल्यांना हेल्मेटची सक्ती झाली. त्याच आठवड्यात सुपरवायझरच्या एका जागेसाठी या दोघांचीच मुलाखत होती. आदल्या दुपारी मकरंद चंद्रमौळींच्या टेबलाशी आला.

"अण्णा, दुकानांतली हेल्मेटं संपलीत. पाडीच्या सिग्नलला पोलीस उभे असतात. उद्या तुमचं द्या ना."

"इडलीपात्र चालेल?"

"लाजवू नका हो."

"सकाळी घरी ये."

सकाळी चंद्रमौळींनी मकरंदच्या हनुवटीखालचा पट्टा स्वतः आवळून दिला.

दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून ते मुलाखतीला बसले, तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. मकरंदला पाडीच्या सिग्नललाच अडवलं होतं.



सायकलचं हेल्मेट मोटारसायकलला चालत नाही, हे चंद्रमौळींनी आदल्या संध्याकाळी घरी जाताना तिथल्याच पोलिसाला विचारून घेतलं होतं.