एका फुंकरीला एक थेंब

नांदेडच्या रणरणत्या उन्हात, कॉलेजच्या गच्चीवर मृण्मयी मॅडमचं यंत्र मांडलेलं होतं. काचेच्या नळीत फुंकायचं; श्वासातला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊन यांतून पलीकडच्या बाटलीत इंधनाचा थेंब पडायचा. एका फुंकरीला एक थेंब.

उद्या पाहुण्यांना दाखवायचं म्हणून तिनं नळी पुसून ठेवली. तोच टप्. थोड्या वेळानं पुन्हा टप्.

एवढ्या उन्हात नळीचं तोंड धुरकट होत होतं, निवळत होतं.

“अर्जुनराव, वर कोण आलंय?” तिनं जिन्यावरच्या शिपायाला हाक मारली.

“कोनी न्हाई, मॅडम. मी सकाळपसून पायरीवरच हाय.”

चाहूल घ्यायला तिनं श्वास रोखला. थेंबही थांबले, जणू नळीपाशीही कुणी चाहूल घेत होतं.

तिची छाती फुटायला आली. तरी तिनं श्वास सोडला नाही.

टप्.