पडद्यावरची गंगा

काशीत अहिल्याबाई घाटामागच्या घरात ढुंढिराजशास्त्री संगणकावर पंचांग जुळवत. पंचाण्णव साली सगळ्यांनी नवी यंत्रं घेतली, पण शास्त्रीबुवांनी आपलं जुनं काही सोडलं नाही. त्यांची तक्रार एकच होती आणि ती ते रोज त्या पडद्यालाच सांगत.

"देवाची नावं असलेल्या जुन्या फाइली कोपऱ्यातल्या कचरापेटीत टाकायला लावतोस? निर्माल्य कुणी कचऱ्यात टाकतं का? तिथे गंगा दे."

एका सकाळी पडद्याच्या कोपऱ्यातली पेटी नव्हती. तिथे इवल्याशा पायऱ्या होत्या आणि त्यांच्याखाली पाणी हलत होतं.

शास्त्रीबुवांना भरून आलं. जुन्या कामांची, स्वतःच्या नावाची फाइल त्यांनी माउसने उचलली, पायऱ्यांवरून खाली नेऊन सोडली आणि सवयीने हात जोडले. फाइल बुडाली. 'ढुंढिराज' ही अक्षरं तेवढी क्षणभर तरंगली, मग तीही गेली.

पत्नी अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आल्या.

"अगं, बघ तरी काय झालंय!" शास्त्रीबुवा म्हणाले.

बाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी हात पुढे केला, तो शास्त्रीबुवांच्या छातीतून आरपार गेला आणि खुर्चीच्या पाठीला टेकला. ओला पंजा पदराला पुसत त्या दाराकडे वळल्या.

"अहो, घाटावर गेलात की काय? चाय ठंडी होतेय!"